‘गुलामांचं बायबल’ (१८०७): कापलेल्या अध्यायांचा हिशेब

या पुस्तकातला घोटाळा पकडायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात गुलाम होतो, मान खाली घालून राबतो, तुरुंगात पडतो आणि शेवटी फारोच्या खालोखालच्या अधिकारपदावर पोचतो. इथवर गोष्ट नीट आहे. त्यापुढे येतो थेट बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाचा, निर्गमचा एकोणिसावा अध्याय: सीनाय पर्वत आणि पायथ्याशी जमलेले इस्राएल लोक. ते तिथे आले कसे? मारझोड सोसत विटा थापणारे गुलाम, जळतं झुडूप, ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणणारा मोशे, दहा पीडा, वल्हांडणाची रात्र, दुभंगलेला तांबडा समुद्र, पलीकडच्या काठावर डफ घेऊन नाचणारी मिर्याम, सगळे अठरा अध्याय गायब. दहा आज्ञांची सुरुवातच ‘तुला दास्यगृहातून बाहेर काढणारा तुझा देव मीच’ अशी होते. मधलं सगळं काढल्यावर या वाक्याला टेकायला जागाच उरत नाही.

पुस्तकाचं मूळ नाव लांबलचक आहे: ‘ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरील निग्रो गुलामांच्या उपयोगासाठी पवित्र शास्त्रातील निवडक भाग’. लंडन, १८०७, मुद्रक लॉ अँड गिल्बर्ट. ‘गुलामांचं बायबल’ हे नाव नंतर चिकटलं. मजकूर किंग जेम्स या प्रचलित इंग्रजी भाषांतराचाच आहे. लबाडी सगळी वगळण्यात आहे. प्रोटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय असतात, इथे २३२ आहेत, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. जुन्या करारातला सुमारे ९० टक्के आणि नव्या करारातला जवळपास निम्मा भाग उडवला आहे. मूळ छपाईच्या तीनच प्रती आज माहीत आहेत. एक अमेरिकेत, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे, आणि दोन ब्रिटनमध्ये. फिस्कची प्रत २०१८ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमध्ये मांडली गेली आणि पुस्तकाचं नाव अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर पोचलं. सामान्य वाचकाच्या हाती येतं ते अर्थातच पुनर्मुद्रण, आणि हा परिचय त्या दृष्टीने लिहिला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. समाजमाध्यमांवर या पुस्तकाची पानं अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांच्या चित्रांसोबत फिरतात. हे पुस्तक तिथलं नाही. ते जमैका, बार्बाडोस अशा ब्रिटिश बेटांवरच्या उसाच्या मळ्यांसाठी होतं. ते छापून घेणारी संस्था लंडनचा बिशप बेल्बी पोर्टियस याच्या छत्राखाली चालायची, आणि गोष्ट गुंतागुंतीची होते ती इथे. हा पोर्टियस गुलामांच्या व्यापाराचा विरोधक होता. १७८३ साली त्याने आपल्याच चर्चच्या मिशनरी संस्थेला भर प्रवचनात सुनावलं होतं, कारण बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टन मळे त्या संस्थेच्याच मालकीचे होते आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर एके काळी ‘सोसायटी’ असा डाग दिला जायचा. त्याच पोर्टियसने १८०८ मध्ये वेस्ट इंडीजच्या मळेमालकांना व गव्हर्नरांना लिहिलेल्या पत्रात गुलामांसाठी निवडक वचनं काढावीत, विशेषतः धन्यांप्रती गुलामांच्या कर्तव्यांची, असं सुचवलं. कात्री चालवणारे हात माथेफिरूंचे नव्हते. ते चर्चमधल्या भल्या, सुधारणावादी म्हणवणाऱ्या माणसांचे होते. वंशवादी धर्मशास्त्राची बहुतेक हत्यारं अशाच प्रतिष्ठित लोकांनी घडवली. जहाल टोळ्यांनी ती तयार उचलली. हे पुस्तक जवळ ठेवावं ते मुख्यतः एवढं डोळ्यांनी दिसावं म्हणून.

काय गेलं ते आता नेमकं पाहू. निर्गम २१:१६ गेलं: माणसाला चोरून नेणारा, मग त्याने त्याला विकलेलं असो वा तो त्याच्या ताब्यात सापडो, त्याला देहदंड. अख्खा अटलांटिक व्यापार या एका ओळीत फासावर जातो. यिर्मया २२:१३ गेलं: अन्यायाने घर बांधणाऱ्याचा, शेजाऱ्याला फुकट राबवून मजुरी न देणाऱ्याचा धिक्कार असो. गलतीकरांस पत्र ३:२८ गेलं, जिथे पौल सांगतो की ख्रिस्ताच्या ठायी यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद नाही. स्तोत्रसंहिता संपूर्ण गेली. दीडशेच्या दीडशे स्तोत्रं! आक्रोश करायला शिकवणारं पुस्तकच नको. त्यातच ६८ व्या स्तोत्राची ३१ वी ओळही गेली, कूश देश (मिसरच्या दक्षिणेचा आफ्रिकन प्रदेश) देवाकडे हात पसरील असं सांगणारी. पुढे आफ्रिकन वंशाच्या चर्चनी हीच ओळ आपली म्हणून उराशी धरली. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, तेही नाही. जुलमी महानगर कोसळतं आणि नवी पृथ्वी येते, हे मळ्यावर कोण वाचू देणार?

आणि राहिलं काय? योसेफ, म्हणजे निमूट सोसलं की फळ मिळतं हा धडा. आणि इफिसकरांस पत्र ६:५, दासांनो, भीत व कापत आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा. पूर्ण बायबलात त्याच अध्यायात चार ओळी खाली धन्यांना बजावलं आहे की धमकावणं सोडा, तुमचा आणि त्यांचा धनी स्वर्गात एकच आहे आणि तो तोंड पाहून न्याय करत नाही. हे पुस्तक वाचताना चार ओळी पुढे-मागे वाचून बघायची ही सवय लावून घ्यावी. पुढे ती फार कामाला येते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पूर्ण बायबल म्हणजे गुलामगिरीविरुद्धचा जाहीरनामा नव्हे. लेवीय २५:४४ परक्या राष्ट्रांतून दास विकत घ्यायला मुभा देतं, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या धर्मोपदेशकांनी त्यावर भरपूर प्रवचनं झोडली. म्हणजे मळेवाल्यांच्या बाजूने वापरता येईल असा मजकूर मुळात होताच. तरीही कात्री लागली, यावरून निर्गमची धास्ती किती होती ते कळतं. हैतीमधल्या गुलामांनी १७९१ मध्ये सुरू केलेलं बंड १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र होऊन संपलं होतं. ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा केला तेच १८०७ साल. खुद्द गुलामगिरी संपवणारा कायदा यायला १८३३ उजाडलं. भीती खोटीही नव्हती. १८३१ च्या नाताळात जमैकात उठाव करणारा सॅम्युएल शार्प हा बाप्टिस्ट मंडळीतला डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक होता, आणि ‘कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही’ हे येशूचं वचन तो लोकांना सांगायचा असं म्हणतात. मे १८३२ मध्ये त्याला फाशी दिलं.

या पुस्तकाशेजारी ठेवण्याजोगं दुसरं एकच छापील उत्पादन आहे, आणि ते जर्मनीतलं. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमधल्या सभेत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या चर्च चळवळीच्या राइनहोल्ड क्राउझेने जुना करारच फेकून द्यायची मागणी केली. मे १९३९ मध्ये जर्मन चर्चमधला यहूदी प्रभाव उखडून काढण्यासाठी आयझेनाखला चक्क एक संस्था निघाली. तिचा विद्वान सूत्रधार वाल्टर ग्रुंडमान. १९४० मध्ये तिने ‘देवाचा संदेश’ नावाने नवा करार काढला: येशूची वंशावळ नाही, जुन्या कराराकडे बोट दाखवणारी वाक्यं नाहीत. पुढच्या वर्षी गीतपुस्तक आलं, त्यातून सियोन, यरुशलेम, हालेलूया हे शब्द हद्दपार. लंडनवाल्यांनी मोशेला वगळलं, आयझेनाखवाल्यांनी येशूच्या आजोबा-पणजोबांना. कारागिरी तीच.

पण १८०७ च्या पुस्तकाची एक मर्यादा वाचकाने ओळखून राहावी. वंशवाद्यांना दर वेळी कात्री लागत नाही. ज्याच्या हातात आधीच पूर्ण बायबल आहे त्याला फसवायचं तर दोन ओळींच्या मधल्या फटीत ठिगळ लावावं लागतं, आणि ही दुसरी पद्धत या पुस्तकात दिसत नाही. ती समजून घेतल्याशिवाय पुनर्मुद्रण अपुरं पडतं, म्हणून थोडं विस्ताराने.

सगळ्यात जुनं ठिगळ हामच्या शापाचं. उत्पत्ति ९:२० ते २७ उघडा. जलप्रलयानंतर नोहा द्राक्षमळा लावतो, पिऊन तंबूत उघडा पडतो, हाम ते बघतो आणि भावांना सांगतो. जागा झाल्यावर नोहा शाप देतो, पण कोणाला? हामला नाही, हामचा मुलगा कनान याला. शाप देणारा नुकताच शुद्धीवर आलेला नोहा आहे, देव नव्हे. रंगाचा उल्लेख आठ ओळींत कुठेही नाही. आता पुढच्या अध्यायाची सहावी ओळ वाचा: हामचे मुलगे कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. मिसरच्या दक्षिणेकडच्या काळ्या लोकांशी जोडलं जाणारं नाव कूश, आणि त्याला कोणी शाप दिलेला नाही. कनानच्या वंशजांची हद्द दहाव्याच अध्यायात सीदोनपासून गाजापर्यंत आखून दिली आहे. तरी २१ मार्च १८६१ रोजी सव्हानामध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यसंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स ‘कनानवरच्या शापा’ने काळा माणूस दास्यालाच योग्य ठरतो असं बिनदिक्कत बोलून गेला. नाव बरोबर घेतलं, माणसं चुकीची लावली.

दुसरं ठिगळ प्रेषितांची कृत्ये १७:२६ चं. अथेन्समध्ये पौल म्हणतो, देवाने एकापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या. वाक्याचा पूर्वार्ध गिळायचा आणि ‘सीमा’ तेवढी मिरवायची, ही युक्ती. १७ एप्रिल १९६० च्या ईस्टर रविवारी बॉब जोन्स सीनियर याने रेडिओवरच्या प्रवचनात याच वचनावर वंशभेदाची इमारत उभी केली. त्याच्या नावाच्या विद्यापीठाने आंतरवंशीय जोड्यांवरची बंदी उठवली ती थेट २००० मध्ये, मधल्या काळात १९८३ ला सर्वोच्च न्यायालयात करसवलत गमावूनही. व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशाने १९६५ मध्ये मिश्र विवाहाच्या शिक्षेचं समर्थन करताना, देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले ते मिसळू नयेत म्हणूनच, असं निकालात लिहिलं. १२ जून १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच मोडीत काढला. बरं, खंडांच्या सीमा देवाने आखल्या हे मानलं, तर अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये उतरलेले युरोपियन हेच पहिले गुन्हेगार ठरतात. या प्रश्नावर ही मंडळी कधी थांबलेली दिसत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत याला बाबेलच्या बुरुजाची जोड मिळाली. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ च्या सिनॉडमध्ये, म्हणजे धर्मसभेत, गोऱ्या-काळ्यांना वेगळं प्रभुभोजन चालेल असं ठरवलं. कारण काय दिलं? ‘काहींचा दुबळेपणा’. सवलत म्हणून शिरलेली गोष्ट शंभर वर्षांत सिद्धांत झाली, आणि याच चर्चच्या १९७४ च्या अहवालात उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायावरून ‘स्वतंत्र विकासा’चं, म्हणजे वर्णभेदाचं, समर्थन छापून आलं: देवानेच बाबेलला भाषा वेगळ्या केल्या, मग आपण का मिसळाव्यात? याचं उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या भाषेत तेच एक वचन ऐकतो आणि मंडळी एकच होते. १९८२ मध्ये ओटावाला रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघाने वर्णभेदाचं हे धर्मशास्त्र पाखंड ठरवलं आणि तिथल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या, म्हणजे आफ्रिकानरांच्या, दोन चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं. त्याच वर्षी मिश्रवर्णीयांच्या चर्चने बेलहार इथे मांडलेलं, वर्णभेद नाकारणारं श्रद्धेचं कबुलीपत्र १९८६ मध्ये औपचारिकपणे स्वीकारलं.

अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेचं उदाहरण छोटं, पण बोलकं. १९१५ मध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या क्लॅनच्या विधींत वेदीवर बायबल उघडं ठेवायचे, रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाशी. आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, ही पहिली ओळ त्यांना हवी होती. चौदावी ओळ म्हणते, छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या. विसावी म्हणते, शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाला. बायबल उघडं असायचं एवढंच, खाली कोणी वाचत नसणार.

आणि शेवटी ‘ख्रिश्चन आयडेंटिटी’ हा अमेरिकेतला गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा पंथ. इथे ठिगळच मूळ कापडापेक्षा मोठं झालं. पाया एकोणिसाव्या शतकातला, जॉन विल्सनने १८४० मध्ये मांडलेला: इंग्रज म्हणजे इस्राएलचे हरवलेले वंश. तो तेव्हा भाबडा होता, यहूद्यांविषयी आपुलकीचाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात वेस्ली स्विफ्टसारख्यांनी त्याला विष लावलं: यहूदी म्हणजे एदेनातल्या सर्पाची शारीरिक संतती, काइन हा त्यांचा पूर्वज, आणि बाकीचे वंश आदामाच्या आधीचे. ही इमारत पाडायला उत्पत्ति ४:१ पुरते. आदामाने हव्वेशी संग केला आणि तिला काइन झाला, असं सरळ लिहिलं आहे. त्यातूनही निसटले तर जलप्रलय आहे. तारवात नोहाच्या घरचे आठच जण वाचले, मग काइनचा वंश आला कुठून? म्हणून या पंथाला प्रलय एका प्रदेशापुरता करून टाकावा लागतो. एक ठिगळ टिकवायला दुसरं, हे यांचं नेहमीचं. योहान ८:४४ मधलं ‘तुमचा बाप सैतान’ ते घोकतात, पण त्याच माणसांना येशू सात ओळी आधी म्हणतो, ‘तुम्ही अब्राहामाचे वंशज आहात हे मला ठाऊक आहे.’ मिश्र विवाहाविरुद्ध ते गणना २५ मधल्या फिनहासचा भाला काढतात, ज्याने एका इस्राएली पुरुषाला आणि त्याच्यासोबतच्या परक्या स्त्रीला भोसकलं. तिथला मुद्दा बालपौर या परक्या दैवताच्या पूजेचा आहे, आणि मारली गेलेली स्त्री मिद्यानी म्हणाल तर मोशेची बायको सिप्पोराही मिद्यानीच. गणना १२ त्याहून चोख: मोशेने कूशी बायको केली म्हणून मिर्याम कुरकुरते, आणि कोडाने बर्फासारखी पांढरी होते ती मिर्याम. स्विफ्टचा वारसा आयडाहोत हेडन लेकला नेणाऱ्या रिचर्ड बटलरच्या ‘आर्यन नेशन्स’ या वंशवादी संघटनेचा तळ २००० मध्ये गेला. त्यांच्या पहारेकऱ्यांनी केलेल्या हल्ल्याच्या दाव्यात ज्यूरीने ६३ लाख डॉलरची भरपाई लावली होती.

आता विकत घेण्याबद्दल. हे पुस्तक एकटं वाचू नये. शेजारी पूर्ण बायबल उघडं हवं, आणि अभ्यासगटात वापरायचं तर दोन बैठका कराव्यात. पहिल्या बैठकीत योसेफापासून सीनायपर्यंतची उडी फक्त या पुस्तकातून वाचा, काही न सांगता. काय हरवलं ते लोकांना स्वतःच सापडू द्या. बायबल माहीत असलेल्यांना ते लगेच खटकतं, नवख्यांना अजिबात खटकत नाही, आणि हा फरकच चर्चेचा विषय आहे. दुसऱ्या बैठकीत निर्गम १ ते १५ मोठ्याने वाचा. एकाच बैठकीत दोन्ही उरकायला गेलं की सूत्रधाराचं भाषण होतं आणि मजकूर बाजूला राहतो.

आवृत्ती निवडताना तीन गोष्टी तपासा. मूळ शीर्षकपान, साल आणि मुद्रकाच्या नावासह, आहे का. नसेल तर नुसत्या खळबळीवर विकलेली प्रत समजा. वगळलेल्या अध्यायांची यादी शेवटी परिशिष्टात दिली असेल तर उत्तम, पण संपादकाने गेलेली वचनं मजकुरातच परत घुसवली असतील तर ती आवृत्ती टाळा, कारण मग पोकळी दिसतच नाही. आणि प्रस्तावना आधी चाळा. जी प्रस्तावना चर्चला धुऊन काढण्यासाठी पोर्टियसला निव्वळ राक्षस करते, किंवा उलट मिशनऱ्यांचा हेतू चांगला होता म्हणून सगळं झाकून घेते, ती दोन्ही बाजूंनी निरुपयोगी. सजावटीच्या बांधणीला जास्त पैसे देऊ नका. मजकुरावर स्वामित्वहक्क उरलेला नाही आणि साध्या कागदी बांधणीतही २३२ अध्याय तेवढेच असतात.